भाषण नको, अधिसूचना दाखवा

निवडणूक आली की सगळ्याच जाहीरनाम्यांत झाडे उगवू लागतात. ‘पर्यावरणपूरक विकास’ सत्ताधाऱ्यांनाही हवा असतो आणि विरोधकांनाही. त्यामुळे शब्दांवरून डावे-उजवे करता येत नाही. तुलना करायची तर खुर्चीत बसल्यावर कोणी कशावर सही केली, याची करावी लागते. त्यासाठी आरे आणि बारसू ही दोन नावे पुरेशी आहेत.

4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने मुंबईच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर 2,141 झाडे आडवी झाली होती. दोन आठवड्यांनी मतदान होते. भाजप आणि शिवसेना युती म्हणून एकत्र मते मागत होते, पण आरेवर त्यांची तोंडे दोन दिशांना होती. मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील, हा भाजपचा युक्तिवाद पोकळ नव्हता. मात्र झाडे रातोरात तोडण्याची घाई का, याचे उत्तर त्यात नव्हते. शिवसेनेचे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होताच कारशेडला स्थगिती मिळाली. पुढे कारशेड कांजूरमार्गला हलवली, पण जागेच्या मालकीच्या वादात तेथील काम अडकले. जून 2022 मध्ये सरकार बदलून भाजप सत्तेत परतला आणि कारशेड पुन्हा आरेत आली.

रिफायनरीची गोष्ट याहून बोलकी आहे. शिवसेनेच्या आग्रहाने 2019 मध्ये कोकणातल्या राजापूर तालुक्यातील नाणारचा रिफायनरी प्रकल्प रद्द झाला. जानेवारी 2022 मध्ये मुख्यमंत्री ठाकरे यांनीच पंतप्रधानांना पत्र लिहून रिफायनरीसाठी त्याच तालुक्यातले बारसू सुचवले. सत्ता गेल्यावर, मे 2023 मध्ये, ते बारसूच्या सड्यावर आंदोलकांच्या बाजूने उभे होते. दुसरीकडे, माती परीक्षणासाठी त्याच सड्यावर पोलिसांचा फौजफाटा उतरवणाऱ्या सरकारनेही तिथल्या कातळशिल्पांचे काय होणार, हे आधी लोकांपुढे मांडायला हवे होते.

म्हणजे ठाकरे यांची भूमिका खुर्चीप्रमाणे बदलली आणि भाजपची बदलली नाही. पण त्या ठाम भूमिकेत स्थानिकांना जागा नव्हती. या सगळ्यात टिकले काय? आरेतील सुमारे 800 एकर जमीन ठाकरे सरकारने वन अधिनियमाखाली राखीव वन म्हणून अधिसूचित केली, ती टिकली. स्थगिती मात्र पुढच्या सरकारने एका फटक्यात उठवली. कायद्यात उतरलेला शब्द आणि सभेतला शब्द यांतला फरक तो हाच.

तेव्हा मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: आमच्या भागातली कोणती टेकडी, खाडी वा मिठागर तुम्ही कायद्याने राखणार, आणि त्यासाठी कोणत्या बिल्डरला वा प्रकल्पाला नाही म्हणणार? नाव घेऊन उत्तर देईल तोच उमेदवार तुलनेला पात्र. बाकीच्यांची हिरवी पत्रके रद्दीत घाला.