टॅबलेट स्वस्त झाला, पण बोलता झाला का?

दिव्यांगांसाठीच्या योजनेतून टॅबलेट वा स्मार्टफोन वाटला की छायाचित्र निघते, पोच घेतली जाते आणि अहवालातील एक रकाना भरला जातो. दृष्टिहीन लाभार्थ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. हाती आलेले यंत्र त्याच्याशी बोलते का, आणि बोलते तर मराठीत बोलते का? धाराशिवसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. पूर्वीचा उस्मानाबाद आणि २०२३ पासून धाराशिव झालेला हा जिल्हा २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला. महाराष्ट्रातील केवळ चार जिल्हे त्या यादीत होते. अशा ठिकाणी उपकरणाच्या किमतीला महत्त्व येणे स्वाभाविक आहे. तथापि, केवळ किमतीकडे पाहून केलेली खरेदी कशी फसू शकते, याचा धडा देशाने पूर्वीच घेतलेला आहे.

५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटचे अनावरण केले. शासनाला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. सात इंची पडदा, २५६ एमबी स्मृती आणि अँड्रॉइडची २.२ ही आवृत्ती असे त्याचे स्वरूप होते. पडदा दाब देऊन चालणारा होता. दृष्टिहीनांसाठी नेमकी येथेच मेख होती. अँड्रॉइडमधील ‘टॉकबॅक’ हा स्क्रीन रीडर २००९ पासून उपलब्ध असला, तरी त्या काळी तो चालवण्यास बाण-कळांसारखी बटणे लागत. पडद्यावरून बोट फिरवावे आणि बोटाखाली काय आहे ते ऐकावे, ही सोय अँड्रॉइडच्या ४.० या आवृत्तीपासून आली. म्हणजे देशातील सर्वांत स्वस्त टॅबलेट अंध विद्यार्थ्याच्या हाती काचेची पाटी ठरला असता. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘आकाश-२’मध्ये स्पर्शाने चालणारा पडदा आणि नवी आवृत्ती आली, परंतु पहिल्या आराखड्यात या वर्गाचा विचार झालेला नव्हता, हे लपत नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. अल्प किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड उपकरणांत स्क्रीन रीडर मुळातच असतो आणि आवाज कमी-जास्त करण्याच्या दोन्ही कळा काही क्षण एकत्र दाबल्या की तो सहसा सुरू होतो. एका बोटाने चाचपायचे, दोनदा टिचकी मारून निवडायचे, दोन बोटांनी पान सरकवायचे, हे तंत्र शिकण्यास थोडे दिवस पुरतात. मराठी आवाजही विनामूल्य मिळतो. गुगलच्या वाचकध्वनीत मराठी आहे आणि ‘ई-स्पीक’ या मुक्त प्रणालीतही आहे. एकदा उतरवून घेतल्यावर त्यासाठी इंटरनेटची गरज उरत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये आणलेले, नोटा ओळखून सांगणारे ‘मणी’ हे ॲपही जोडणीविना चालते. रेंज येते-जाते अशा वाडी-वस्त्यांसाठी ही बाब मोलाची आहे.

मग अडते कोठे? पहिली अडचण यंत्राची. स्मृती अपुरी असली की आवाज बोटाच्या मागे रेंगाळतो आणि ऐकणारा चुकीच्या जागी टिचकी मारतो. डोळस माणसाला जो विलंब केवळ कंटाळवाणा वाटतो, तो येथे उपकरण निरुपयोगी करतो. दुसरी अडचण निवडीची. पूर्ण अंध व्यक्तीला मोठ्या पडद्याचा लाभ नाही; तिला बहुधा फोनच सोयीचा. टॅबलेटचा खरा उपयोग अल्पदृष्टी विद्यार्थ्याला, ज्याला अक्षर मोठे करून वाचता येते, किंवा कळफलक जोडून लेखन करणाऱ्याला. सर्वांना एकच वस्तू देण्याची पद्धत हा भेद पुसून टाकते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि ती उपकरणाबाहेरची आहे. स्क्रीन रीडर अक्षरे वाचतो, चित्र नव्हे. परिपत्रकाचा स्कॅन केलेला कागद त्याच्यासाठी कोरा असतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण यंत्र त्याचा अर्थहीन रोमन अक्षरांचा गोंधळ उच्चारते. संकेतस्थळावरील वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची अट तर दारावरच अडवते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची सुगम्यता ही राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. आदेश आहेत, प्रश्न तालुक्याच्या टेबलापर्यंत ते पोहोचण्याचा आहे.

निधीचा मार्ग मात्र बंद नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी, अशी राज्यात तरतूद आहे. लहान ग्रामपंचायतीचे ५ टक्के म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे, म्हणूनच ती वाया जाता कामा नये. भूम, वाशी, कळंबसारख्या, ऊसतोडीसाठी स्थलांतर होणाऱ्या भागात घरातील डोळस माणसे हंगामभर बाहेर असतात. मागे राहिलेल्या दृष्टिहीन व्यक्तीला बँकेचा संदेश दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. त्यातील ओटीपीही मग दुसऱ्याच्या हाती जातो. बोलणारे उपकरण येथे चैन नसून आर्थिक सुरक्षिततेचे साधन आहे.

उपाय खर्चिक नाहीत. निविदेत पुरेशी स्मृती आणि हेडफोनची खोबण यांची अट असावी. वाटपापूर्वीच मराठी आवाज बसवून स्क्रीन रीडर सुरू केलेला असावा. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांमार्फत काही दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि कार्यालयीन मराठी मजकूर युनिकोडमध्येच प्रसिद्ध व्हावा. खरेदीपूर्वी एक साधी कसोटीही पुरेल. जिल्ह्यातीलच एखाद्या दृष्टिहीन व्यक्तीस नमुन्याचे उपकरण द्यावे, तिने त्यावर मदतीविना एक शासन निर्णय ऐकून दाखवावा, मगच देयकावर सही व्हावी.