गुपित पेशंटचे, बंधन डॉक्टरवर

मागे लाखनीच्या बस स्टँडवर ओळखीच्या एक बाई भेटल्या. बारावीतल्या मुलीला झोप लागत नाही, परीक्षेचे नाव काढले की हातपाय कापतात. बाई म्हणाल्या, "भाऊ, नागपूरला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. पण तिथं पोरीले एकटीलेच आत बसवतात म्हणे. ती बातमी वाचल्यापासून हिंमतच होत नाही."

बाईंची भीती खोटी नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये नागपूरच्या हुडकेश्वर पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाला अटक केली. समुपदेशन आणि शिबिरांच्या निमित्ताने आलेल्या विद्यार्थिनींचे त्याने वर्षानुवर्षे लैंगिक शोषण केले, फोटो काढून धमकावले, असा आरोप आहे. पॉक्सो आणि अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. शिबिरे आपल्या भंडारा-गोंदियाकडेही भरत, असे वृत्तपत्रांत आले. दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आमच्यापुढे प्रश्न वेगळा आहे. मुली इतकी वर्षे गप्प का राहतात?

हाडाच्या डॉक्टरला आपण पाय दाखवतो. मनाच्या डॉक्टरला घरातले भांडण, बापाचे दारूपिणे, स्वतःची लाज, सारे सांगतो. त्याला आपले सारे ठाऊक, आपल्याला त्याचे काहीच ठाऊक नाही. त्यातून दुखऱ्या मनाला आधार देणारा माणूस देवासारखा वाटू लागतो. असे वाटणे हा पेशंटचा दोष नाही. उपचारात ते होतेच, हे त्या शास्त्रातच शिकवतात. त्याचा फायदा न घेणे हे उपचार करणाराचे काम. म्हणून "तिचीही मर्जी होती" ही सबब चालत नाही. अठरा वर्षांखालील मुलीची संमती पॉक्सो कायदा मानतच नाही. मोठ्या बाईच्या बाबतीतही, विश्वासाच्या नात्याचा किंवा रुग्णालयातल्या पदाचा गैरफायदा घेऊन भुलवून ठेवलेला शरीरसंबंध बलात्कारात मोडत नसला, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ प्रमाणे पाच ते दहा वर्षे सक्तमजुरीचा गुन्हा आहे.

अशा फसवणुकीने दुहेरी नुकसान होते. मूळ दुखणे तसेच राहते, वर अपराधाचे ओझे चढते. मग ती मुलगी दुसऱ्या चांगल्या डॉक्टरकडेही जात नाही. औषध सुटते, बोलणे सुटते.

म्हणून आम्ही बाईंना सांगितले, मुलीला जरूर न्या. एकटीशी बोलणे ही रीतच आहे, त्यात वावगे नाही. पण एक गोष्ट तिला समजावून द्या. गुपित राखण्याचे बंधन डॉक्टरवर आहे, मुलीवर नाही. आत काय झाले ते ती आईला, मावशीला, कोणालाही सांगू शकते. "हे घरी सांगू नकोस" असे जो म्हणतो, तिथेच सावध व्हावे. दवाखान्याबाहेर भेटायला बोलावणे, रात्री-बेरात्री फोन, भेटवस्तू, उसने पैसे, स्वतःच्या संसाराचे रडगाणे, उगाच अंगाला हात, ही सारी कुंपण ओलांडल्याची लक्षणे. सुरुवात लहान गोष्टीने होते.

पाटी पाहून भुलू नका. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस.नंतर पुढे शिकलेला डॉक्टर असतो, त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. फोनवर बोलायचे तर १४४१६ हा सरकारचा 'टेली मानस' नंबर मोफत आहे. मुलांवर अत्याचार झाला असेल, तर १०९८ किंवा पोलीस ठाणे गाठा. रुग्णालयातल्या सेवेबद्दलची तक्रार तिथल्या प्रमुखाकडे आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे करण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे.

आणि मायबापहो, शेवटचे. नागपूरच्या प्रकरणात तोंड उघडणारी एक जुनी विद्यार्थिनी होती, तीही लग्न झाल्यावर. उद्या आपली लेक काही सांगू लागली, तर "तू गेलीसच कशाला" हा पहिला प्रश्न विचारू नका. आधी तिचे पूर्ण ऐकून घ्या.