चोप नको, लांब दोरी घ्या



फिरायला नेल्यावर पळणारा कुत्रा परत आला की त्याला चोप द्यावा आणि पुढे कायम बांधून ठेवावे, असा सल्ला गेल्या अंकातील पत्रात आहे. दोन्ही उपाय अंगाशी येणारे आहेत.

कुत्रा माराची सांगड पळण्याशी नव्हे, तर परत येण्याशी घालतो. मग पुढच्या वेळी तो चार हातांवर थांबतो, कान पाडून बघतो आणि हात पुढे होताच पुन्हा सुटतो. शिवाय सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

पत्रलेखकाची काळजी मात्र रास्त आहे. कोरेगाव भीमातून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो, तिथे अवजड गाड्यांची वर्दळ असते. शिरूरच्या उसात बिबट्या असतो आणि कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य. त्यामुळे अंधारात उसाच्या कडेने फिरणे टाळावेच.

उपाय साधा आहे. छातीपट्ट्याला आठ-दहा मीटर दोरी बांधून रस्त्यापासून दूर, मोकळ्या रानात सराव करावा. हाक मारावी, आला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा आणि पुन्हा हुंदडू द्यावे. प्रत्येक हाकेनंतर घरीच नेले, तर तो हाक टाळू लागतो.

सुटलाच तर मागे धावू नये. नाव घेत उलट दिशेने पळावे. माजावरच्या कुत्रीमागे जाणाऱ्या नराची नसबंदी करावी. रेबीजची लस चुकवू नये आणि गळपट्ट्यावर मालकाचा फोन नंबर लिहावा.

– एक वाचक, कोरेगाव भीमा