नुसतं भांडवल देऊन भागत नाही



राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना स्वतः मदत करून कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला लावलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज खडखडा थांबवून भर रस्त्यात तिथला चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. गिऱ्हाईक तयार करणं, ही खरी मदत.

आपण काय करतो? ऊसबिल निघालं की तोडकऱ्याच्या पोराला टपरीसाठी हजार-पाचशे देतो, चहाला मात्र जुन्याच हॉटेलात बसतो. वर म्हणतो, ह्यांना धंदा जमत नाही! मीही त्यातलाच. परवा फाट्यावरच्या पोराकडं पहिल्यांदा बसलो, रोख दिले. साखर जरा जास्त होती, पण साखरेची तक्रार आपण कुठल्या तोंडानं करायची?