गॅरेजमधल्या गप्पा : रॉड दमट झाले तर

मंडळी, मागच्या अंकात वेल्डिंग मशीन खरेदीचं पुराण लावलं होतं. त्यावर इथल्या ह्यूस्टनच्याच एका वाचकाचा फोन आला, ‘मशीन घेतलं हो, पण रॉड ठेवायचे कुठे ते तुम्ही सांगितलंच नाहीत!’ तक्रार रास्त आहे. आणि हा धडा मी स्वतः चुकूनच शिकलो आहे.

गणपतीच्या आधी एका मित्राच्या ट्रेलरचा पुढचा दांडा, म्हणजे गाडीला अडकवतात तो, वेल्ड करायला घेतला. रॉड ७०१८ जातीचे, पण पुड्याचं तोंड दोन वर्षं उघडं. वरून काम झकास दिसत होतं. ग्राइंडर फिरवला तर आत सुईच्या टोकाएवढी भोकं! मित्र म्हणाला, ‘अरे, दिसतंय की छान. रंग मार आणि दे.’ पण हा दांडा फ्रीवेवर तुटला तर मागच्या गाडीत कुणाची तरी पोरंबाळं असणार, हे डोक्यातून जाईना. सगळं खरवडून काढलं. मित्र दोन दिवस फुरंगटून होता.

झालं काय, तर रॉडवरचं फ्लक्सचं आवरण हवेतली ओल पिऊन बसतं. आर्कच्या उष्णतेने त्या पाण्यातला हायड्रोजन सुटा होऊन वितळलेल्या पोलादात शिरतो. पातळ, मऊ पोलादात बहुधा भोकांवर निभावतं. जाड किंवा कडक पोलादात मात्र दोन-तीन दिवसांनी, आतल्या आत तडा जाऊ शकतो. म्हणजे आज पास आणि परवा नापास!

म्हणूनच अमेरिकेचा स्ट्रक्चरल वेल्डिंग कोड, डी १.१, या बाबतीत फार कडक आहे. सीलबंद डबा उघडला की ७०१८ रॉड निदान २५० फॅरनहाइटच्या (सुमारे १२० सेल्सिअस) ओव्हनमधे ठेवायचे. साध्या ७०१८ ला बाहेर फार तर ४ तास. त्यानंतर ५०० ते ८०० फॅरनहाइटला निदान २ तास भाजायचे, तेही एकदाच. पाण्यात भिजलेले असतील तर सरळ बाद. घरच्या ओव्हनकडे बघूसुद्धा नका. तो जेमतेम पाचशेपर्यंत चढतो, आणि ज्यात केक होतो त्यात फ्लक्स भाजू म्हटलं तर घरात काय होईल ते मी सांगायला नको.

गंमत म्हणजे ६०१० आणि ६०११ चं उलटं. त्यांच्या आवरणात सेल्युलोज असतं, थोडी ओल त्यांना लागतेच. ते ओव्हनमधे घातलेत की बिघडलेच.

जुन्या फ्रीजमधे बल्ब लावून रॉड ठेवायची युक्ती पुष्कळांना ठाऊक असेल. त्याने हवा कोरडी राहते, पण २५० फॅरनहाइट काही गाठता येत नाही. शिवाय २०२३ पासून इथे नेहमीचे तारेचे बल्ब मिळेनासे झाले आणि एलईडीला ऊब कसली? तरी फ्रीज वापरायचाच तर दाराला बाहेरून कुलूप घाला. घरात लहान मुलं असतात.

आता गंजाचं. उत्तरेची थंडी ओसरून गल्फचा दमट वारा परतला की गॅरेजच्या जमिनीला घाम फुटतो. तारेचं रीळ जमिनीवर असेल तर दोन दिवसांत तांबूस. म्हणून सगळं लाकडी फळीवर. टिगचे रॉड दोन्हीकडे झाकण लावलेल्या पीव्हीसी पाइपात. मिगचं रीळ महिनाभर लागणार नसेल तर मशीनमधून काढून झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेल. ते जेल तापवून पुन्हा वापरता येतं. कपाटात ठेवतात ते कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र तारेजवळ नकोत. ओल पिऊन त्याचं खारं पाणी होतं, आणि ते सांडलं की गंजाला आमंत्रणच.

ट्रेलर नव्या डब्यातल्या रॉडने पुन्हा जोडला. जुने रॉड फेकले नाहीत, त्यांच्यावर लाल पट्टी लावून ठेवली आहे. अंगणातल्या तुळशीच्या कुंडीचं स्टँड त्यांतूनच झालं.