संत्र्याची काय चूक?

मंडळी, सात महिने मी संत्रं खाल्लं नाही. नागपूरच्या माणसावर हे लिहायची वेळ यावी!

झालं असं, की गेल्या वर्षी अंगावर सारखं पित्त उठायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "चार आठवडे कमी हिस्टामिनचा आहार करून बघा, मग एकेक पदार्थ परत सुरू करा." मी फक्त पहिलं अर्धं वाक्य ऐकलं. नेटवरच्या तीन याद्या उतरवल्या आणि त्यात जे जे वर्ज्य ते सगळं बंद. संत्रं, लिंबू, केळं, पपई, अननस, स्ट्रॉबेरी... उरलं सफरचंद. वजन चार किलो उतरलं. घरून आलेली संत्र्याची पेटी मी ऑफिसात वाटून टाकली.

गंमत म्हणजे ताज्या संत्र्यात हिस्टामिन जवळजवळ नसतंच. 'ते शरीरातलं हिस्टामिन मोकळं करतं' असं म्हणतात, पण याला भक्कम पुरावा नाही. दुसरं कारण जरा पटतं. संत्र्यात, केळ्यात पुट्रेसिन असतं, म्हणजे हिस्टामिनचं चुलत भावंडच. आतड्यातलं डीएओ हे एन्झाइम दोघांनाही तोडतं. ते पुट्रेसिनमध्ये गुंतलं की हिस्टामिन रांगेत थांबतं. म्हणजे मुद्दा किती खाल्लं आणि कशाबरोबर खाल्लं, हाही असू शकतो.

बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०२१ साली असे १० आहार शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सगळ्यांत वर्ज्य असा एकच गट निघाला, आंबवलेले पदार्थ. फळांबाबत एकमत नाहीच!

म्हणून माझं स्पष्ट मत: यादी ही सुरुवात आहे, निकाल नव्हे. आपण कोडमध्ये एका वेळी दहा बदल करून बग शोधतो का? मग इथे का? एका वेळी एक फळ, थोडंसं, ताजं, आणि वहीत नोंद. (घसा सुजत असेल, श्वास लागत असेल तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे घरचे प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर गाठा.)

माझा हिशोब? पपईने दोन्ही वेळा खाज सुटली, ती बंद. केळं अर्धं चालतं. आणि संत्रं... चार फोडींपासून सुरुवात केली, आता रोज एक खातो. काही होत नाही.

बाबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "पेटी पाठवू का? पण या वेळी वाटू नकोस."