सांडलें तर आधीं सांगावें

घरांत दूध सांडलें कीं आपण धांवत जाऊन फडकें आणतों. वर्गांत शाई सांडली कीं शिपाईमामांस हांक मारतों. सांडलेलें तत्काळ पुसून टाकावें, हा संस्कार लहानपणापासून आपल्या अंगीं मुरलेला असतो, आणि दुधाच्या व शाईच्या बाबतींत तो योग्यच आहे. परंतु आज माणसांच्या हातून सांडणाऱ्या वस्तु एवढ्याच राहिलेल्या नाहींत. प्रयोगशाळेंतील गंधकाम्ल, दवाखान्यांतील तापमापकाचा पारा, कारखान्यांतील द्रावकें, पोहण्याच्या तलावासाठीं आणलेला क्लोरीन, या वस्तु सांडल्या असतां तीच तत्परता घातक ठरते. अशा प्रसंगीं काय सांडलें हें आधीं सांगितलें पाहिजे, आणि तें कळल्यावांचून कोणासहि पुसावयास लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न आम्हां येरवडेकरांस दूरचा नाहीं. येथील वस्त्यांतून पुष्कळ स्त्रीपुरुष पहाटे उठून रुग्णालयें, कचेऱ्या, कारखाने व शाळा यांच्या साफसफाईस जातात, आणि कित्येक घरांतील चूल त्याच कामावर पेटते. कोठेंहि कांहीं सांडलें कीं पहिली हांक त्यांनाच जाते: “मावशी, जरा इकडे पुसून घ्या.” बाटली ज्यानें विकत घेतली त्यास आंत काय आहे तें ठाऊक असतें, ज्यानें ती वापरली त्यासहि ठाऊक असतें. ज्या मावशी गुडघे टेंकून, उघड्या हातांनीं तें पुसतात, त्यांनाच तेवढें कोणी सांगत नाहीं. हा अन्याय आहे, आणि तो बहुधा दुष्टपणानें होत नसून केवळ संवयीनें होतो, म्हणूनच त्याविषयीं लिहिणें अवश्य वाटतें.

न सांगण्याचें फळ किती भयंकर असूं शकतें हें भोपाळनें दाखविलें. १९८४ सालीं डिसेंबरच्या २ व ३ तारखांमधील रात्रीं युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायु सुटला आणि हजारों माणसें प्राणांस मुकलीं. शेजारच्या वस्तींतील लोकांस त्या टाक्यांत काय सांठविलें आहे याची कल्पना नव्हती. उपचार कोणता करावा हें डॉक्टरांसहि समजेना. या अनर्थानंतर १९८७ सालीं कारखान्यांच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, व धोक्याच्या पदार्थांची माहिती कामगारांस आणि आसपासच्या रहिवाशांस देण्याचें बंधन मालकांवर आलें.

आपल्या महाराष्ट्रांतहि असा धडा मिळाला आहे. १४ जुलै २०१० रोजीं मुंबईंत शिवडीजवळील हाजी बंदर येथें, वर्षानुवर्षें बेवारस पडून राहिलेल्या क्लोरीनच्या नळकांड्यांपैकीं एकांतून वायु बाहेर पडला. कामगार, जवळच्या नाविक शिक्षणसंस्थेंतील विद्यार्थी, इतकेंच नव्हे तर मदतीस धांवलेले अग्निशामक दलाचे जवानहि रुग्णालयांत दाखल झाले. गळती त्या दिवशीं झाली हें खरें. पण तिची तयारी, ज्या दिवशीं त्या नळकांड्यांची काळजी घेणारा कोणी उरला नाहीं, त्याच दिवशीं झाली होती.

कोणी म्हणेल, प्रत्येक थेंबाचा एवढा गाजावाजा करूं लागलों तर कामें व्हावींत कशीं? त्यास आमचें उत्तर असें कीं पूर्वतयारीस फार वेळहि लागत नाहीं आणि फार पैसाहि लागत नाहीं. प्रत्येक बाटलीवर नांव, कोरड्या वाळूची एक बादली, खाण्याच्या सोड्याचा डबा, जाड हातमोजे आणि जवळ पाण्याचा नळ, एवढें असलें कीं शाळेच्या प्रयोगशाळेचें बरेंच काम भागतें. उरतें तें ज्ञान. आणि तें तर शाळेंत मिळावयाचेंच.

तीव्र गंधकाम्लांत पाणी मिसळतांच प्रचंड उष्णता उत्पन्न होते. म्हणून जमिनीवर तें सांडल्यास त्यावर ओलें फडकें टाकूं नये. कोरडी वाळू किंवा सोडा कडेकडेनें टाकीत मध्याकडे यावें आणि मग जाणत्या माणसानें हातमोजे घालून तें उचलावें. मात्र तेंच आम्ल अंगावर उडालें तर क्षणाचाहि विलंब न लावितां तो भाग वाहत्या पाण्याखालीं निदान १५ ते २० मिनिटें धरावा. तापमापक फुटून पारा सांडला तर केरसुणी हातीं घेऊं नये. झाडल्यानें त्याचे बारीक मणी होऊन फरशीच्या भेगांत शिरतात, व त्यांची अदृश्य वाफ खोलींत दिवसेंदिवस पसरत राहते. खिडक्या उघडाव्या, मुलांस बाहेर न्यावें, आणि पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनीं मणी गोळा करून घट्ट झांकणाच्या बाटलींत पाण्याखालीं ठेवावे. संडास धुण्याचें ॲसिड व ब्लीचिंग पावडर यांचा संयोग झाला कीं क्लोरीन सुटतो. तो हवेच्या सुमारें अडीचपट जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो. म्हणजे उभ्या असलेल्या साहेबांपेक्षां वांकून फरशी पुसणाऱ्या बाईच्या नाकांत तो आधीं जातो.

यांपैकीं कोणतीहि वस्तु मोरींत वा गटारांत लोटूं नये. येरवड्याच्या गटारांत पडलेलें विष मुळा-मुठेंत जातें, तेथून भीमेंत आणि पुढें उजनीच्या जलाशयांत. आपल्या नजरेआड झालें म्हणजे नाहींसें झालें, असें नव्हे.

रस्त्यावरहि हाच नियम. नगर रस्त्यानें जाणाऱ्या टँकरांच्या अंगावर चार आंकडी संख्या रंगविलेली आढळते: १००५ म्हणजे अमोनिया, १२०३ म्हणजे पेट्रोल, १८३० म्हणजे गंधकाम्ल. असा टँकर उलटलेला दिसल्यास गर्दी करूं नये. पेट्रोल डब्यांत भरून घेण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. वारा ज्या बाजूनें येत असेल त्या बाजूस दूर जावें, दुरून ती संख्या वाचतां आली तर वाचावी आणि ११२ वर कळवावी.

आतां पालकांस व गुरुजनांस एक विनंति. मूल सांडलेलें लपवितें तें रागाच्या भयानें, आणि कामगार लपवितो तो मजुरी कापली जाईल या धास्तीनें. सांडणें हा अपघात असतो. त्यास भयंकर रूप पुष्कळदां हें भयच देतें. म्हणून कांहीं फुटल्याचा आवाज आला तर “कोणीं सांडलें?” असें आधीं विचारूं नये. “काय सांडलें? कोणास लागलें कीं काय?” असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें मूल पळून जातें, दुसऱ्यानें तें जवळ येतें.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकीं ज्यांची आई वा वडील सफाईच्या कामास जातात त्यांनीं आज घरीं गेल्यावर एवढें विचारावें: तुम्ही ज्या बाटलीनें फरशी धुतां तिच्यावर काय लिहिलें आहे? त्यांस तें वाचतां येत नसेल, किंवा तें इंग्रजींत असेल, तर त्यांच्याकडून तें नांव मिळवा, शिक्षकांस त्याचा अर्थ विचारा, आणि रात्रीं जेवतांना आईस समजावून सांगा.